डाव्या डोळ्याखालची बुरशी

टक्.

दुपारच्या गाढ शांततेत एवढासा आवाज, पण ती जागच्या जागी थिजली. मूल झोपलेल्या घरात कुठलाच आवाज छोटा नसतो. नळ तिनं घट्ट पिळून बंद केला होता, फोनचं तोंड मिटलं होतं, बाबांच्या रेडिओपुढे हात जोडून झाले होते. मग हे काय पडलं?

तिनं हळूच पलंगाकडे पाहिलं. लेक उताणी झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत. त्या हाताची मूठ आत्ताच कुठे सैल झाली होती आणि खाली फरशीवर शेंगदाण्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा पडला होता.

"अगं चोरटे!" ती ओठातल्या ओठात म्हणाली.

त्या तुकड्यासाठी तिनं दोन दिवस घर पालथं घातलं होतं. सोफ्याच्या उशा झटकल्या, कपाटाखालचं सगळं झाडूनं ओढून काढलं, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. नवऱ्याच्या बुटातसुद्धा हात घालून पाहिला, कारण ती लेकीची आवडती तिजोरी. साडेचार वर्षांच्या ह्या मुलीला आजोबांनी 'खारू' हे नाव ठेवलं होतं ते उगाच नाही. बटणं, बाटल्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, जे मुठीत मावेल ते खारूताई उचलायची आणि अशा जागी साठवायची की पुढे तिचं तिलाच आठवू नये. "तू घेतलंस का गं ते काळं?" ह्यावर दोन दिवस एकच उत्तर होतं: "मी नाय बाई!" आणि पुढे केलेले दोन रिकामे तळहात.

तो तुकडा म्हणजे स्कॅनरच्या चौकटीचा पाय. निगेटिव्ह थेट काचेवर ठेवायची नसते, एका चौकटीत बसवायची असते, आणि ती चौकट चार इवल्या पायांवर काचेपासून किंचित वर उभी राहते. एक पाय गेला की तो कोपरा बसतो आणि फोटोची ती बाजू गिचमीड होते. तिनं पायाऐवजी पुठ्ठ्याच्या घड्या लावून पाहिल्या होत्या, बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा कापून पाहिला होता. कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी. आता तिनं वाकून तो पाय उचलला, ओढणीला पुसला आणि चोरपावलांनी टेबलापाशी आली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. खारू सव्वाचारपर्यंत झोपली तर दीड तास. झोपली तर.

पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "आलं का?"

"येतंय," ती दाराशी जाऊन कुजबुजली.

"महिना झाला येतंयच. बैलगाडीनं निघालंय काय?"

"बाबा, हळू बोला. उठेल ती."

"मी हळूच बोलतोय. तुझंच घर पोकळ आहे."

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लाकडी खोक्याचा कॅमेरा, तीन पायांच्या घोडीवर, डोक्यावर काळं कापड. त्यात रीळ नसायचं. एका वेळी एकच फिल्म, चार बाय पाच इंचाची, तळहाताएवढी. त्याला ते 'शीट' म्हणायचे. पुढे लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले, स्टुडिओचं दार बंद झालं आणि बाबा दोन सुटकेसा आणि शीटची चार खोकी घेऊन लेकीकडे राहायला आले. जुन्या वर्षांची खोकी तर त्याआधीच तळघरात पाणी शिरून भिजली होती. उरली ती नंतरच्या वर्षांची, सगळी परक्या माणसांची.

त्यांच्या स्वतःच्या कपाटाच्या खणात मात्र एका बदामी पाकिटात एकच शीट वेगळी होती. तिच्या आईची. आई खुर्चीवर बसलेली आणि मांडीवर तीन महिन्यांची ती स्वतः, दुपट्यातून फक्त नाक बाहेर. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा धड म्हणावा असा एवढा एकच फोटो. "यायचीच नाही कॅमेऱ्यापुढे," बाबा म्हणायचे. "दिवसभर लोकांचे चेहरे बघून तिला स्वतःचा नकोसा व्हायचा." त्या फोटोची मोठी प्रत स्टुडिओच्या दर्शनी काचेत वीस वर्षं उभी होती. उन्हानं ती आधी पिवळी केली, मग पांढरी. शेवटी खुर्ची दिसायची, साडीचे काठ दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला आईचा चेहरा आठवतो म्हणजे ती कोऱ्या कागदाची प्रतच आठवते की काय, अशी तिची तिलाच शंका यायची.

आणि आता बाबांचे डोळे. उजवा गेलेलाच होता. डाव्याच्या मधोमध एक करडा ठिपका बसला होता आणि तो वाढत होता. "कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल," डॉक्टर म्हणाले होते. मग चष्मा काढून त्यांनी हेही सांगितलं, "आजोबा, जे बारीक काम बघायचं असेल ते लांबणीवर टाकू नका." डॉक्टरांनी दिलेला चौकटी-चौकटींचा कागद बाबांनी फ्रिजवर चिकटवला होता. रोज सकाळी चहाआधी ते एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि ज्या चौकटी दिसेनाशा झाल्या त्यांच्याभोवती पेन्सिलनं रेघ मारायचे. महिन्यापूर्वीची रेघ लिंबाएवढी होती. कालची संत्र्याएवढी.

त्यांनी मागितलं होतं ते इतकंच. "तिची ती शीट मला मोठी करून दाखव. संगणकावर होते म्हणे. होईल तेवढी मोठी. हा ठिपका मला गाठायच्या आत." आणि त्याच्या मागोमाग दर वेळी, "पुसू मात्र नकोस हं. फुंकर मार, मऊ ब्रश फिरव. पुसायचं नाही."

"हो बाबा," ती म्हणायची, म्हातारी माणसं गॅस बंद केलास का विचारतात तेव्हा म्हणतात तशी.

तिला वाटलं होतं दोन दुपारींचं काम. जुना स्कॅनर नवऱ्याच्या ऑफिसमधून टाकून देता देता घरी आला होता, झाकणात दिवा असलेला, निगेटिव्हसाठीच बनवलेला. आणि मग त्या यंत्रानं तिचा असा काही पिच्छा पुरवला की विचारू नका.

पहिल्या आठवड्यात कड्या. शीट नुसती काचेवर ठेवली तर फोटोवर रंगीत वलयं उठायची, पाण्यावर तेल सांडल्यासारखी, आणि त्यांना आईच्या कपाळाखेरीज दुसरी जागाच मिळायची नाही. म्हणून चौकट आली. चौकटीत शीट मधोमध पोक काढून बसली. ती सरळ करावी म्हणून जाड पुस्तकांखाली चार दिवस दाबून ठेवली. मग रेघा. वरपासून खालपर्यंत जांभळी एक आणि हिरवी एक, आईच्या डोक्यातून हनुवटीपर्यंत आरपार. तिनं काच पुसली, वायर बदलली, यंत्राला शिव्या दिल्या. तीन दुपारी गेल्यावर कळलं की काचेच्या वरच्या टोकाला एक पट्टी असते, यंत्र आधी तिथून स्वतःचा प्रकाश तपासून घेतं, आणि त्या पट्टीवर कुणीतरी एक चमचमती चांदणी चिकटवली होती.

"खारू, ही चांदणी इथे कुणी लावली?"

"तुझं मशीन शहाण्यासारखं वागलं ना, म्हणून दिली."

तिनं नखानं ती चांदणी खरवडून काढली.

मग एकदा सगळं जुळून आलं आणि नेमकं वॉशिंग मशीन पिळायला लागलं. अख्खं टेबल थरथरलं आणि आईचा चेहरा करवतीच्या दात्यांसारखा कातरला गेला. त्या दिवशी तिनं डोकं टेबलावर टेकलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"अगं, एखाद्या लॅबमध्ये देऊन टाक ना," तो म्हणाला. मागे त्याच्या ऑफिसातली माणसं हसत होती.

"एकच आहे ती. हरवली तर तू आणून देणार का माझी आई?"

"बरं. नको देऊस. येताना दूध आणू?"

"आण."

आईच्या शीटला हात लावण्याआधी ती खोक्यांतल्या परक्या माणसांवर हात साफ करून घ्यायची. त्यातल्या अर्ध्या शीटना बुरशी लागलेली. पडद्यावर मोठं करून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. त्यासाठी तिनं फिल्म साफ करायच्या द्रवाची एक बाटली आणली होती. कापसाच्या काडीवर एक थेंब, हलक्या हातानं गोल गोल, की बुरशी साफ. बाबांनी ऐकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून ती बाटली खारूच्या औषधांमागे लपवून ठेवायची. पण पुसल्यावर फोटो किती सुधारायचे! एका टक्कल पडलेल्या गृहस्थाचं कपाळ तिनं साफ केलं तर एकदम आठ्या उमटल्या, भिवईवर एक तीळही निघाला. बघा, बाबा, तिला सांगावंसं वाटलं होतं, तुमच्या फुंकरीनं निघाला असता का हा तीळ?

आज पाय मिळाला होता. तिनं तो चौकटीला बसवला. शीट पाकिटातून काढली, कडेनं धरून. फुंकर मारली, ब्रश फिरवला. चौकटीत सरकवली. झाकण लावलं. वॉशिंग मशीनचा प्लग उपटलेला आहे ना, हे दोनदा पाहून आली. मग बटण दाबलं आणि खुर्चीत हातावर हात ठेवून बसली. झाकणाच्या फटीतून प्रकाशाची रेघ मुंगीच्या गतीनं सरकत होती.

अकरा मिनिटं. तेवढ्यात भांडी झाली असती, खारूचा फ्रॉक शिवून झाला असता. ती नुसती बसली. खारू कूस बदलायची आणि तिचा जीव वरखाली व्हायचा.

मग नवऱ्याच्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर आई आली.

कड्या नाहीत. रेघा नाहीत. दाते नाहीत. साडीच्या काठाचा धागान्‌धागा, खुर्चीच्या हातावरचा ओरखडा, दुपट्यातून बाहेर आलेलं स्वतःचं बटणासारखं नाक. आणि आईचा चेहरा. गोल, गुळगुळीत, शांत. ओठांच्या एका कोपऱ्यात हसू. तिनं तोंडावर हात धरला, कारण हुंदका आला असता तर लेक उठली असती.

खरं म्हणजे तिनं तिथेच थांबायला हवं होतं. बाबांना हाक मारायला हवी होती.

पण महिनाभर यंत्राशी झुंजलेल्या माणसाला विश्वास कसा तो उरत नाही. तिनं फोटो मोठा केला. आणखी मोठा. शंभर टक्के. कपाळ स्वच्छ, गाल स्वच्छ. डोळ्यांखाली गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बुरशी! दोन्ही डोळ्यांखाली. बारीक बारीक वाकड्या खुणा, किड्यांची पिल्लं वळवळावीत तशा, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेल्या. बाबांना तर जवळून, मोठं करूनच पाहायचं होतं. त्यांच्या उरल्यासुरल्या डोळ्यांना आईऐवजी हे किडे दाखवायचे?

"नाही," ती यंत्राला म्हणाली. "आता नाही. आता तुझं ऐकणार नाही मी."

तिनं शीट काढून खिडकीपाशी नेली आणि तिरपी धरली. मऊ, चमक नसलेल्या बाजूला डोळ्यांखाली दोन करडे, किंचित चकाकणारे डाग होते, हाताची काजळी लागावी तसे. तिनं औषधांमागून बाटली काढली. पुसायचं नाही, बाबांचा आवाज आठवला. पण बाबांच्या काळी ही बाटली कुठे होती? काडीवर एक थेंब घेतला. डाव्या डोळ्याखाली, हलक्या हातानं, गोल गोल. काडीचं टोक करडं झालं. डाग गेला. तिला इतकं बरं वाटलं, पोराचं वाहतं नाक एकदाचं स्वच्छ पुसल्यावर वाटतं तसं. नवी काडी घेतली, थेंब घेतला, उजव्या डोळ्याकडे वळली.

"आईऽऽ! शूऽऽ!"

साडेतीन. पाऊण तास आधी! तिनं शीट चौकटीत ठेवली, काडी फेकली आणि धावली.

बाथरूममधून आल्यावर खारू कडेवरून उतरायला तयार नव्हती. अंग झोपेनं गरम, केस गालाला चिकटलेले. "मांडीवर बसू दे," म्हणाली. "मी हात नाही लावणार. देवाशप्पथ."

"श्वासपण हळू घ्यायचा. टेबल हलतं."

"घेतच नाही," असं म्हणून खारूनं गाल फुगवले.

उजवा डोळा उद्या, असं तिनं ठरवलं. निदान डावा कसा दिसतो ते पाहू. तिनं बटण दाबलं. खारूनं वीस सेकंद श्वास धरला, मग फुस्स करून सोडला आणि टेबलाखालून कागद-पेन्सिल ओढून तिच्या मांडीवरच चित्र काढायला लागली. घर. नेहमीसारखं दार छपरावर. मागच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर अशी तीस घरं टांगली होती, नावाशिवाय. "ओळखा बरं आपापलं," बाई पालकांना हसत म्हणाल्या होत्या. तिनं आत शिरता शिरता बोट दाखवलं होतं, ते. त्या दिवसापासून खारू हे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली होती. "माझ्या आईनं नुसतं बघून ओळखलं! नाव नव्हतं तरी!"

अकरा मिनिटं संपली. फोटो आला आणि ती चक्रावली.

आईचा एक डोळा पहिल्यासारखाच होता, नितळ. दुसऱ्या, डाव्या डोळ्याखाली मात्र काळंभोर वर्तुळ. फुगलेलं, सुरकुतलेलं, पार गालाच्या हाडापर्यंत उतरलेलं. आधी तिला वाटलं, सावली पडली. मग वाटलं, बाटलीनं फिल्म जळली. पण जळली असती तर त्या काळ्यात पापणीची सावली, कातडीची बारीक जाळी इतकी स्पष्ट दिसली नसती. पुसलं तिथे काळं आणि न पुसलं तिथे स्वच्छ? हे कुठलं उलटं यंत्र!

"झालं ना?" दाराच्या चौकटीला हात लावत बाबा उभे होते. "मघापासून घरघर थांबलीय. मला काय कळत नाही होय?"

"बाबा, अजून थोडं..."

"थोडं-बिडं काही नाही. दाखव."

ते आले. खारूनं त्यांना खुर्ची ओढून दिली, "बस, आजोबा," म्हणाली आणि परत आईच्या मांडीवर चढली. बाबांनी पडद्याकडे तोंड केलं आणि मग मान वळवून बाजूला पाहिलं, खिडकीकडे पाहावं तसं. समोर पाहिलं की ठिपका आड यायचा. डोळ्याच्या कडेनंच काय ते दिसायचं.

"कशी वाटते?" तिनं विचारलं.

"चेहरा राहू दे. डोळ्याखाली जा. मोठं कर."

तिनं मुद्दाम उजव्याऐवजी डावीकडे नेलं की हात आपोआप तिकडे गेला, कुणास ठाऊक. पडदाभर ते काळं वर्तुळ पसरलं. बाबा पुढे वाकले, मान तिरपी, नाक काचेला लागेल इतके जवळ.

"इथे काही नाही," ते म्हणाले. "इथे असायला हवं होतं."

"काय?"

"पेन्सिल."

"बाबा, तिथे बुरशी होती. वळवळ्या खुणा. मी पुसली."

बाबा पडद्यापासून मागे सरले.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "पुसू नकोस म्हणून."

"पण का ते सांगितलंत का?" तिचा आवाज चढला. महिनाभराचं सगळंच त्या आवाजात आलं, कड्या, रेघा, चांदणी, सगळं. "फुंकर मार, फुंकर मार! मला वाटलं ओरखडे पडतील म्हणून म्हणताय. पेन्सिल काय निगेटिव्हवर मारतात?"

"मग कशावर मारतात? स्टुडिओवाल्याची पोर ना तू?"

"आईच्या कामाच्या त्या खोलीत मला कधी येऊ दिलंत? 'आई काम करतेय, हाक मारू नकोस.' मला एवढंच आठवतं. दार आठवतं मला, बाबा, दार! आणि बारीक ब्रश, फोटोवरचे ठिपके बुजवायचा. तो तेवढा ती बाहेर घेऊन बसायची."

खारू मांडीवर आक्रसली. बाबांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली पाहत बोलायला लागले, सावकाश.

"ब्रशचं काम किरकोळ. खरं काम आतलं. शीट तिरप्या फळीवर ठेवायची, खालून आरशाचा उजेड. पेन्सिलचं शिसं सुईसारखं लांब घासायचं. लोकांच्या सुरकुत्या, मुरमं, डोळ्याखालचं काळं, सगळं निगेटिव्हवर भरायचं. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत ते उजळतं, मग दिसत नाही. तुझ्या आईसारखी रेघ कुणाची नव्हती. ती गेल्यावर मी पगारी माणूस ठेवला, त्याची पेन्सिल म्हणजे कुंपणाच्या सळ्या."

आठ्या आणि तीळ निघालेले ते टक्कलवाले गृहस्थ तिच्या डोळ्यांसमोर आले. तिनं कपाळाला हात लावला.

"हा फोटो काढला तेव्हा तू तीन महिने रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नव्हतास," बाबा म्हणाले. "मी शीट धुऊन वाळत घातली आणि तिला सांगितलं, ह्याला हात लावू नकोस, आहे तसं राहू दे. ऐकेल तर शपथ. सकाळी बघतो तर बाईसाहेबांनी स्वतःचे डोळे भरून ठेवलेले. आठ दिवस बोललो नाही आम्ही. वर म्हणते कशी, पोर मोठी झाल्यावर बघेल, तिला कशाला कळायला हवं?"

पडद्यावर ते काळं वर्तुळ तसंच होतं.

"तुम्हाला चेहरा बघायचा होता ना?" तिनं कसंबसं विचारलं.

"चेहरा मला पाठ आहे गं. त्याला डोळे लागत नाहीत. मला तिचा पेन्सिलचा हात बघायचा होता एकदा. भिजलेल्या खोक्यांबरोबर बाकी सगळं गेलं. हे एवढंच राहिलेलं. आणि टिकलंय की गळून गेलंय, तेही ठाऊक नव्हतं. मग तुला काय सांगणार?"

"टिकलंय," ती पटकन म्हणाली. "दुसरा डोळा आहे, बाबा. तो नाही पुसला. खारूला शू आली."

तिनं फोटो उजवीकडे सरकवला. त्या मघाच्या किड्यांनी पडदा भरून गेला. आता ते किडे नव्हतेच. बारीक स्वल्पविराम, एकाशेजारी एक, एकावर एक कधीच नाही, डोळ्याच्या खळग्याबरोबर हळूच वळत गेलेले, कडेला विरळ होत होत संपलेले. बुरशी इतक्या शिस्तीत कधी वाढते का? मघाशी हेच तर तिनं पाहिलं होतं. हेच.

बाबांनी मान वळवली, परत वळवली, कुठल्या कोनातून ठिपका आड येत नाही ते शोधत. मग सापडलं असावं. त्यांचं बोट पडद्यापासून इंचभर अंतरावर एकेका खुणेवरून फिरायला लागलं, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"इथे शिसं बदललंय," ते म्हणाले. "बघ, इथून बारीक. आणि इथे दमली. रेघ लांबलीय." ते हसले. मग त्यांनी डोळा चोळला, आणि पुन्हा पाहायला लागले, जणू कुणीतरी पान उलटायच्या आत वाचून संपवायचं होतं.

"हे कुणी काढलं?" खारूनं कुजबुजत विचारलं.

"आजीनं," ती म्हणाली. "माझ्या आईनं."

"आणि त्या बाजूचं?"

"तेही तिनंच काढलं होतं. मी पुसलं. मला वाटलं घाण आहे."

खारूनं विचार केला. आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, छपरावर दार असलेल्या घराकडे. मग मान वर करून आईकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"आई, भिंतीवर माझं घर तू लगेच ओळखलंस ना? नाव नव्हतं तरी?"

"हो गं."

"मग तुझ्या आईचं तुला का नाही ओळखू आलं?"